‘आजोबा, तुमचं पासबुकही डीप वेबमध्येच आहे!’

आलेलं पत्र:

ताई, नमस्कार. मी नोटा-तिकिटं छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालो, वय ६८. नाशिकरोडला जेल रोडवर राहतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हिमनगाचं एक चित्र आलं. पाण्यावरचं टोक म्हणजे आपण वापरतो ते इंटरनेट, फक्त ४ टक्के. खालचं ९६ टक्के काळं इंटरनेट, तिथे बंदुका, ड्रग्ज, सुपाऱ्या. मी ते नातीला दाखवलं. ती अकरावीत आहे, शिकायला आमच्याकडेच असते. ती म्हणाली, ‘आजोबा, तुमचं पासबुकही डीप वेबमध्येच आहे.’ तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. त्यात मोबाईलवर सूचना आली की माझा ईमेल डार्क वेबवर सापडला. चार दिवसांनी एकाचा फोन आला, ‘सायबर विभागातून बोलतोय, तुमची माहिती डार्क वेबवरून काढून देतो, ४,९९९ रुपये भरा आणि पाठवतो ते ॲप टाका.’ मी अजून काही केलेलं नाही. नातीच्या लॅपटॉपवर जांभळ्या कांद्यासारखं चिन्ह दिसलं. विचारलं तर म्हणाली, ‘टॉर आहे, कॉलेजात सांगितलं होतं.’ पेन्शनच्या खात्यातले पैसे काढून पोस्टात टाकू का? नातीचा लॅपटॉप काढून घेऊ का? आणि हे थर थर म्हणतात ते नक्की काय, हे माझ्यासारख्याला कळेल असं सांगा.

— एक निवृत्त प्रेस कामगार

काका, नमस्कार.

थरांचं नंतर बोलू, आधी त्या फोनचं. ते ४,९९९ रुपये भरू नका, ते ॲप टाकू नका आणि तो माणूस पुन्हा बोलला तर काही न सांगता फोन ठेवा. डार्क वेबवर गेलेली माहिती तिथून काढून आणून देणं कुणालाच जमत नाही. चोरलेल्या यादीच्या किती प्रती निघाल्या आणि त्या कुणाकुणाकडे गेल्या, हे खुद्द चोरालाही माहीत नसतं. मग फोनवरचा माणूस काढणार काय? त्याचं लक्ष खरं त्या ॲपवर आहे. असल्या ॲपमधून तुमच्या मोबाईलचा पडदा त्याला त्याच्या जागेवरून दिसायला लागतो. मग बँकेचा ओटीपी आला की तुम्ही वाचायच्या आत तो वाचतो. सायबर पोलीस फोन करून फी मागत नाहीत, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पेन्शनचे पैसे हलवू नका. नातीचा लॅपटॉपही काढून घेऊ नका. असं का म्हणते ते सांगण्यासाठी मात्र थरांकडे यावं लागेल.

इंटरनेट आणि वेब हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते वेगळे आहेत. इंटरनेट म्हणजे जगभरचे संगणक जोडणारा रस्ता: समुद्राखालच्या केबल, टॉवर, तुमच्या घरातलं वायफाय. या रस्त्याची सुरुवात १९६९ साली अमेरिकेत झाली. वेब म्हणजे या रस्त्यावर उभी राहिलेली पानांची वस्ती. ती टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत सुचवली. आपल्याकडे सामान्य माणसासाठी हा रस्ता १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने खुला केला. थर म्हणतात ते या वस्तीचे. रस्ता सगळ्यांना एकच. तुमच्या नातीचा टॉर आणि तुमच्या सौभाग्यवती पाहतात ते रेसिपीचे व्हिडिओ एकाच वायरमधून घरात येतात. त्यामुळे खाली कुठेतरी वेगळं, काळं इंटरनेट आहे ही कल्पना आधी मनातून काढून टाका.

आता वरचा थर. याला सरफेस वेब म्हणतात. गूगलसारखी शोधयंत्रं एक प्रोग्रॅम सोडतात. तो एका पानावर जातो, तिथल्या दुव्यांवरून पुढच्या पानांवर जातो, तिथून आणखी पुढे, आणि जे दिसेल ते सूचीत टिपून ठेवतो. आपण काही शोधतो तेव्हा गूगल त्या क्षणी सगळं जग धुंडाळत नसतं, आपली तयार सूची चाळत असतं. ही सूचीसुद्धा लहानसहान नाही. त्यात शेकडो अब्ज पानं आहेत असं गूगल स्वतः सांगतं. वर्तमानपत्रांच्या साइट, विकिपीडिया, त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाच्या वेळा, सापुताऱ्याची हॉटेलं, हे सगळं या थरात. ज्याला सूचीत यायचंय आणि जिथे प्रोग्रॅमला शिरता येतं, ते सगळं इथे.

मग प्रोग्रॅमला शिरता येत नाही ते कुठे जातं? त्यालाच डीप वेब म्हणतात. तुमच्या नातीचं वाक्य इथे शंभर टक्के खरं आहे.

पंचवटी एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन केलंत की दहा आकडी पीएनआर मिळतो. तो टाकला की तुमचा डबा आणि सीट सांगणारं पान समोर येतं. ते पान आधीपासून कुठे मांडून ठेवलेलं नसतं. तुम्ही नंबर टाकता तेव्हा माहितीच्या कोठारातून ते तयार होतं. गूगलच्या प्रोग्रॅमकडे तुमचा पीएनआर नाही, म्हणून त्याला ते पान कधी दिसलेलंच नाही. म्हणजे तुमचं रेल्वेचं तिकीट डीप वेबमध्ये आहे.

सातबाऱ्याचं तसंच. भूलेखच्या साइटवर नाशिक विभाग निवडायचा, मग जिल्हा, तालुका, गाव, शेवटी गट नंबर. सातबारा लोकांना पाहण्यासाठीच ठेवलेला आहे, त्यात लपवाछपवी नाही, तरी तो डीप वेबमध्ये आहे, कारण फॉर्म भरल्याशिवाय तो उतारा समोर येत नाही. कोर्टातल्या खटल्याची पुढची तारीख, मुलांचा ऑनलाइन निकाल, वीजबिलाची जुनी पावती, दवाखान्याच्या पोर्टलवरचे रिपोर्ट, तुमचा स्वतःचा ईमेल, कंपन्यांच्या आतल्या कामाच्या साइट, पैसे भरून वाचायची नियतकालिकं, हे सगळं डीप वेब. आणि तुमचं पासबुक अर्थातच.

तुम्ही तर प्रेसमध्ये नोकरी केली आहे. बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्याला भिंत दिसते, गेट दिसतं, पाटी दिसते. आतली मशिनं, मोजणीच्या खोल्या, तयार माल यातलं काही दिसत नाही. ते दिसत नाही म्हणून आत काळे धंदे चालतात असं नाशिकरोडच्या एकाही माणसाने कधी म्हटलं नाही. उलट, मौल्यवान काम आहे म्हणूनच भिंत आहे, पास आहे, झडती आहे. डीप वेब म्हणजे ही भिंतीआडची जागा. तुमचं खातं गूगलला दिसत नाही ही तर मोठी दिलाशाची गोष्ट आहे. ते दिसायला लागलं असतं तर मीच तुम्हाला पैसे हलवा म्हटलं असतं. पोस्टात टाकलेत तरी तिथलं खातंही संगणकावर आणि पासवर्डच्या आडच असतं, म्हणजे तेही डीप वेबमध्येच आलं.

हिमनगाच्या चित्राने नेमका इथेच घोळ घातला आहे. ‘डीप वेब’ हा शब्द २००१ साली मायकल बर्गमन या अमेरिकी अभ्यासकाच्या निबंधातून रूढ झाला. शोधयंत्रांना न दिसणारी माहिती दिसणाऱ्या वेबच्या ४०० ते ५५० पट असावी, असा त्यांचा अंदाज होता. त्यांच्या हिशेबात होती ती सरकारी आकडेवारी, पेटंटच्या नोंदी, ग्रंथालयांच्या याद्या, हवामानाची कोठारं. गुन्हेगारीशी त्याचा संबंधच नव्हता. अंदाजही त्या काळातला, जेव्हा शोधयंत्रं आजच्या मानाने बाल्यावस्थेत होती. पुढे कुणीतरी हिमनग काढला, कुणी टक्के चिकटवले, आणि ‘डीप’ आणि ‘डार्क’ हे दोन शब्द एकत्र कालवून टाकले. म्हणून ९६ टक्के वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर बंदुका आल्या. त्या पाण्याखालच्या भागात बहुतेक सगळी आपल्यासारख्यांची पासबुकं, पत्रं, फोटो आणि बिलं आहेत. तिथल्या किती टक्क्यांना ‘डार्क’ म्हणावं याचा आकडा मी देणार नाही, कारण नेमकं मोजमाप करण्याजोगी ती जागाच नाही. पण बाकीच्या पसाऱ्यापुढे ती अगदी लहान आहे, एवढं नक्की.

आता डार्क वेब, म्हणजे तो जांभळा कांदा. कांद्याच्या जिल्ह्यात राहून हे समजायला आपल्याला अवघड जाऊ नये. टॉर हे नाव ‘द ओनियन राउटर’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलं. कांद्याला जसे पापुद्रे, तसे इथे निरोपाला.

समजा तुम्हाला दिंडोरीच्या एका माणसाला चिठ्ठी पाठवायची आहे, पण ती तुम्ही पाठवली हे वाटेत कुणालाही कळू द्यायचं नाही. तुम्ही चिठ्ठी पाकिटात घालता आणि वर लिहिता दिंडोरी. ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, त्यावर येवल्याच्या माणसाचा पत्ता. ते तिसऱ्यात, त्यावर सिन्नरचा. ते चौथ्यात, त्यावर निफाडचा, आणि ते पोस्टात टाकता. निफाडचा माणूस वरचं पाकीट फोडतो. त्याला कळतं की हे नाशिकरोडहून आलं आणि सिन्नरला पाठवायचंय, बस्स. सिन्नरच्याला कळतं की निफाडहून आलं, येवल्याला जायचंय. येवल्याच्याला दिंडोरीचा पत्ता दिसतो, पण चिठ्ठी नाशिकरोडच्या एका काकांनी लिहिली हे त्याला कळायला मार्ग नाही. तिघांपैकी कुणालाही दोन्ही टोकं एकदम दिसत नाहीत. टॉर ब्राउझर हेच करतो. ही तीन गावं म्हणजे जगभर पसरलेले स्वयंसेवकांचे संगणक आणि पाकिटं म्हणजे कुलूपबंद सांकेतिक लिपी. प्रत्येक ठिकाणी एक पापुद्रा सुटतो. तीन ठिकाणी फिरून जावं लागतं, म्हणून टॉरवर पानं सावकाश उघडतात.

ही कल्पना कुठून आली हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड गोल्डश्लाग, मायकल रीड आणि पॉल सिव्हरसन या तिघांनी ती मांडली. गुप्तपणे काम करणाऱ्या आपल्या माणसांचा माग लागू नये, हा उद्देश. पण एक अडचण होती. फक्त नौदलच ही वाट वापरणार असेल, तर त्या वाटेवर दिसणारा प्रत्येक जण नौदलाचाच, हे पाहणाऱ्याला आपोआप कळणार. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर एक माणूस शोधून काढणं कठीण, पण सुनसान घाटावर एकटा उभा असेल तर सोपं. लपायला गर्दी लागते. म्हणून टॉर सगळ्यांसाठी खुलं केलं. २००२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती चालू झाली, त्याची संहिता, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कुणालाही पाहता येईल अशी ठेवली गेली, आणि २००६ पासून ‘टॉर प्रोजेक्ट’ ही ना-नफा संस्था ते सांभाळते.

टॉरमधून साध्या साइटही पाहता येतात. नुसता टॉर उघडला म्हणजे माणूस डार्क वेबमध्ये गेला, असं होत नाही. डार्क वेब म्हणजे फक्त अशाच जाळ्यातून उघडणाऱ्या साइट. टॉरमधल्या अशा साइटचा पत्ता ‘डॉट ओनियन’ने संपतो, आणि त्याआधी ५६ अक्षरा-अंकांची अशी मालिका असते की पाठ करू म्हटलं तरी होणार नाही. तिथे साइट पाहणाराही लपलेला आणि साइट चालवणाराही लपलेला.

तिथे वाईट गोष्टी आहेत का? आहेत, आणि त्या सौम्य करून सांगणं बरोबर होणार नाही. अमली पदार्थ विकले जातात, चोरलेल्या कार्डांचे आणि पासवर्डचे गठ्ठे विकले जातात, लहान मुलांवरच्या अत्याचाराची चित्रं फिरतात. पण तिथेच बीबीसीने २०१९ पासून आपल्या बातम्यांची ओनियन आवृत्ती ठेवली आहे, ज्या देशांत बातम्या अडवल्या जातात तिथल्या लोकांसाठी. फेसबुकने तर २०१४ मध्येच असा पत्ता सुरू केला. अनेक वृत्तसंस्था ‘सिक्युअरड्रॉप’ नावाची व्यवस्था टॉरवर चालवतात. एखाद्या कार्यालयातला गैरव्यवहार ज्याला उघड करायचा आहे, पण नाव कळलं तर जिवावर बेतेल अशी भीती आहे, तो माणूस तिथे कागदपत्रं टाकू शकतो. अशा माणसाला हा आडपडदा मिळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि तिथे गेलेला गुन्हेगार सापडतच नाही, हेही खरं नाही. ‘सिल्क रोड’ नावाचा अमली पदार्थांचा बाजार २०११ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये बंद पाडला गेला. चालवणारा रॉस उल्ब्रिक्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात उघड्या लॅपटॉपसकट पकडला गेला. त्याच्या नावापर्यंत तपास पोचला तो साध्या, उघड्या वेबवरून: सुरुवातीच्या काळात त्याने बाजाराची जाहिरात ज्या टोपणनावाने केली होती, त्याच टोपणनावाने दुसरीकडे आपला ईमेल पत्ता देऊन ठेवला होता. २०१७ मध्ये ‘हान्सा’ नावाचा दुसरा बाजार नेदरलँड्सच्या पोलिसांनी ताब्यात घेतला, पण लगेच बंद केला नाही. जवळजवळ महिनाभर तो गुपचूप स्वतः चालवला आणि गिऱ्हाइकांचे पत्ते गोळा केले.

हिमनगाच्या अशा काही चित्रांत अगदी तळाशी ‘मरियानाज वेब’ लिहिलेलं असतं, जगातली सगळी रहस्यं म्हणे तिथे. मरियाना हे समुद्रातल्या सर्वांत खोल गर्तेचं नाव, तेवढं खरं. त्या नावाचा इंटरनेटचा थर मात्र अस्तित्वात नाही. पैसे देऊन थेट छळ पाहायला मिळतो अशा ‘रेड रूम’च्या गोष्टी फिरतात, त्याही खऱ्या असल्याचा पुरावा कधी मिळालेला नाही. नातीने यातलं काही ऐकलं असेल तर तिला हे सांगा. आणि मोबाईलवर ‘इन्कॉग्निटो’ म्हणून एक काळी खिडकी उघडते, तीही डार्क वेब नाही. आपण काय पाहिलं याची नोंद ती फक्त आपल्या मोबाईलवर ठेवत नाही, एवढंच.

काका, तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली. तुमची झोप उडाली ती तळाच्या थरामुळे, आणि तुमच्याकडून पैसे मागायला माणूस आला तो साध्या फोनवरून. लोकांचे पैसे जातात ते असेच, अगदी वरच्या, उजेडातल्या थरात. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ किंवा लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप टाकणारी फाइल, येते. ती उघडली की मोबाईलचा ताबा जातो. बँकेचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधला की कधी कधी ठगांनी पेरलेला नंबर समोर येतो. सीबीआयचा अधिकारी असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवतात, ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून. अशी कुठलीही अटक आपल्या कायद्यात नाही. प्रयागराजच्या २०२५ च्या कुंभमेळ्याच्या वेळी खोल्या-तंबूंच्या बनावट बुकिंग साइटबद्दल पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं होतं. आपल्याकडच्या २०२७ च्या पर्वण्यांसाठी बाहेरगावचे पाहुणे तुम्हालाच खोली बघायला सांगतील, तेव्हा हे आठवा. यातली एकही गोष्ट टॉरवर घडत नाही.

साइटच्या पत्त्याजवळ कुलूप दिसलं म्हणजे साइट प्रामाणिक, हाही गैरसमज फार पसरलाय. तुमच्या आणि साइटच्या मध्ये कुणी ऐकत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. समोर ठग बसला असेल तर त्याच्याशीही तुमचं बोलणं तितकंच बंदिस्त होतं.

आता ईमेलच्या सूचनेबद्दल. ती सूचना खरी असू शकते, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. तुम्ही कधी तरी एखाद्या दुकानाच्या, प्रवासाच्या, औषधांच्या साइटवर खातं उघडलं असेल. त्या कंपनीच्या कोठारात चोरी झाली, हजारो-लाखो लोकांची यादी उचलली गेली, आणि ती विकायला डार्क वेबवर गेली. माझ्याही बाबतीत हे झालं. एका खरेदीच्या साइटवरून माझा ईमेल आणि पासवर्ड फुटला, आणि मी तोच पासवर्ड ईमेललाही ठेवला होता. त्या रात्री कुणीतरी माझा ईमेल उघडायचा प्रयत्न केला. दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पायरी, चालू होती, मोबाईलवर विचारणा आली, म्हणून वाचले. त्या दिवसापासून मी भेटेल त्याला हे सांगत असते.

नातीला घेऊन बसा आणि एका संध्याकाळी एवढं करून टाका. ईमेलचा पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही. नवा पासवर्ड लांब ठेवा, चार-पाच असंबद्ध मराठी शब्द जोडले तरी चालतील. नाव, जन्मसाल, गाडीचा नंबर नको. वहीत लिहून कपाटात ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. दूरच्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही. मग ईमेलला आणि व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणी चालू करा. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करण्याची सोय आधारच्याच ॲपमध्ये आहे, तेही करा. ईमेल कुठल्या चोरीत गेला हे पाहायचं असेल तर ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेली ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही साइट आहे. तिथे फक्त ईमेल टाकायचा असतो. ईमेल तपासायच्या नावाखाली कुणी पासवर्ड मागितला तर ती साइट बंद करा.

आणि ४,९९९ वाल्याचा नंबर ‘संचार साथी’ या सरकारी साइटवरच्या ‘चक्षू’ सोयीत नोंदवा. ती सोय अशाच संशयास्पद फोनसाठी आहे. तुमच्या ओळखीत कुणाचे पैसे खरोखर गेले असतील तर वेळ न दवडता १९३० ला फोन करायचा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार करायची. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवले जातात. लवकर कळवलं तर वाटेत अडवता येतात, उशीर झाला की हाती फार कमी लागतं. लाजेने दोन दिवस गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ते दोन दिवसच त्यांना महागात पडले.

राहिली नात. टॉर ब्राउझर ठेवणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. तिथून अमली पदार्थ मागवले तर १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा लागतो, आणि मुलांच्या अश्लील चित्रांच्या बाबतीत तर नुसतं शोधणं, पाहणं, उतरवून घेणं हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे. हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा, आडवळणाने नको. अकरावीच्या मुलीला कॉलेजातून कळलेली गोष्ट स्वतः करून पाहावीशी वाटणं मला चांगलंच वाटतं. टॉरमधून साधी साइट उघडून ते कसं चालतं हे पाहायला हरकत नाही. अनोळखी ओनियन पत्त्यांच्या याद्या घेऊन दारं ठोठावत फिरणं मात्र नको. तिथली फाइल उतरवणं नको, तिथे कुणाशी बोलणं नको, आणि आपलं नाव, कॉलेज, फोटो तर मुळीच नाही. पापुद्रे तुमचा पत्ता झाकतात, पण तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं झाकत नाहीत.

लॉक लावून, लॅपटॉप हिसकावून ती थांबेल असं मला वाटत नाही. ती मोबाईलवर बघेल, मैत्रिणीकडे बघेल, आणि काही भलतं समोर आलं तर तुम्हाला सांगणार नाही. आज ती सांगते आहे. तुम्ही चिन्ह पाहून विचारलंत आणि तिने सरळ ‘टॉर’ म्हणून नाव सांगितलं, हे पत्रात वाचून मला बरं वाटलं. पासबुक डीप वेबमध्ये असतं हे तिला कळलं आहे, म्हणजे तिने विषय नीट समजून घेतला आहे. तिचं वाक्य तुम्हाला अर्धंच पोचलं, एवढंच झालं. उरलेलं अर्धं तिच्याकडूनच घ्या. तिला कागद-पेन्सिल द्या आणि ग्रुपवरचा तो हिमनग पुन्हा काढायला सांगा, पण पाण्याखाली नेमकं काय काय आहे ते नावानिशी लिहून: पंचवटीचं तिकीट, गावचा सातबारा, तुमची पेन्शन, तिचा स्वतःचा निकाल, आणि एका कोपऱ्यात कांदा. ते चित्र सोसायटीच्या ग्रुपवर टाका. खाली तिचं नाव मात्र लिहू नका.